दोन हात जागेसाठी

गेल्या पंधरवड्यात पुण्याच्या एका जुन्या पेठेत, आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, एक प्रसंग घडला. त्याची बातमी आमच्याही पत्रात आली नाही. कारण बातमी होण्याजोगे त्यात कोणास काही दिसलेच नाही. सत्तरी उलटलेले एक सेवानिवृत्त शिक्षक आपल्या पत्नीस डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावयाचे म्हणून रिक्षा घेऊन आले, तो वाड्याच्या दरवाजाशी एक भली थोरली मोटार आडवी उभी. चाकांची खुर्ची बाहेर काढावयास वाट नाही. त्यांनी वीस मिनिटे वाट पाहिली, समोरच्या दोनचार दुकानांत चौकशी केली. अखेरीस मालक आला. "जरा गाडी पुढे घेता का?" एवढेच हे गृहस्थ म्हणाले. उत्तर आले, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का, काका?" शिक्षक म्हणाले, "माझ्या नाही, आणि तुमच्याही नाही." तेवढ्या उत्तरासरशी त्यांच्या छातीवर एक धक्का बसला, ते पायरीवर कोलमडले आणि चष्म्याची काच फुटली. मोटार निघून गेली. चौकीवर त्यांना एक कागद मिळाला. त्यावर शब्द होता 'अदखलपात्र'.

'काका' म्हणून धक्का मारणे ही आमच्या शहराने संस्कृतीत घातलेली नवी भर होय. परंतु आज आम्हांस त्या तरुणाच्या जिभेविषयी लिहावयाचे नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र लिहिण्याजोगा आहे. रस्ता कोणाच्या बापाचा? या प्रश्नाचे उत्तर ज्या नगरात ठरलेले नसते, तेथे ते ज्याचा दंड बळकट तो ठरवितो; आणि आमच्या शहरांतून ते दररोज तसेच ठरत आहे.

हे भांडण क्षुल्लक आहे, त्यासाठी पहिल्या पानाची जागा कशाला अडवावी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी पतियाळाचे प्रकरण आठवावे. २७ डिसेंबर १९८८ रोजी त्या शहरात शेरांवाला गेटच्या चौकाजवळ एक जिप्सी गाडी रस्त्याच्या मध्येच उभी होती. गाडीत त्या वेळचे कसोटी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू आणि त्यांचे एक मित्र होते. मागून मारुती मोटारीतून आलेल्या पासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांनी गाडी बाजूला घ्या म्हणून सांगितले. बोलाचाली झाली, मारहाण झाली, आणि ते गृहस्थ मरण पावले. सप्टेंबर १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. १५ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून सिद्धूंना केवळ दुखापतीबद्दल दोषी धरले आणि एक हजार रुपये दंड केला. पुढे मृताच्या कुटुंबीयांनी फेरविचाराचा अर्ज केला, तेव्हा १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने एक वर्ष सक्तमजुरी ठोठावली. मुष्टियोद्धा, मल्ल किंवा क्रिकेटपटू यांसारख्या कसलेल्या शरीराच्या माणसाचा नुसता हातही शस्त्र ठरू शकतो, असे न्यायमूर्तींनी त्या वेळी म्हटले. ते शहाणपणाचे बोल ऐकण्यासाठी त्या कुटुंबाला तेहतीस वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात आरोपी खासदार झाले, मंत्री झाले, एका मोठ्या पक्षाचे प्रांताध्यक्षही झाले. भांडणाचे मूळ काय होते? रस्त्यात उभी राहिलेली एक गाडी.

हे जुने झाले म्हणावे, तर मार्च २०२५ मध्ये मोहालीत दुचाकी कोठे लावावी यावरून शेजाऱ्याशी झालेल्या झटापटीत एका तरुण शास्त्रज्ञाचा अंत झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भोगल भागात घराच्या फाटकासमोर लावलेली स्कूटर बाजूला घ्या, असे सांगणारा एक गृहस्थ भोसकला गेला. ही उत्तरेची माणसे, आपल्याकडे असे होत नाही, असे समाधान कोणी मानून घेऊ नये. आपल्याकडे पेठेतील शिक्षकांचा चष्माच फुटला, हा केवळ पायरीच्या उंचीचा योगायोग होय.

आता त्या 'अदखलपात्र' शब्दाकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २८५ व्या कलमानुसार सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वीच्या कायद्यात हाच दंड दोनशे रुपयांपर्यंत होता. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे त्याची दखल घेण्यासाठी पोलिसांना कोणाची परवानगी लागत नाही. उलट, कोणास मारून साधी दुखापत करणे हा ११५ व्या कलमाखालचा गुन्हा, त्याला एक वर्षापर्यंत कैद सांगितलेली आहे, आणि तो मात्र अदखलपात्र! दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांना त्याचा तपासही करता येत नाही. वाटेत मोटार आडवी लावली तर पोलिसांनी आपण होऊन धावावे आणि ती बाजूला घ्या म्हणणाऱ्याच्या मुस्कटात बसली तर त्यांनी एक कागद फाडून द्यावा, असा हा उलटा न्याय आहे. व्यवहारात तर पहिली धावही कोणी घेत नाही. शिक्षकांच्या कागदावर धक्क्याची नोंद झाली. दरवाजा अडविणाऱ्या मोटारीची, म्हणजे ज्याची दखल तत्काळ घेता आली असती त्या अपराधाची, नोंदच झाली नाही. कायद्यात उणीव आहे हे खरे, परंतु आहे तो कायदा वाचण्याचा कंटाळा ही त्याहून मोठी उणीव होय.

आडदांड माणसास हे सारे ठाऊक असते. तो रागाच्या भरात भान हरपतो, असे म्हणणे हा त्याच्यावर केलेला उपकार आहे. भान हरपलेला मनुष्य समोरचा कोण आहे हे पाहत नाही; हा मात्र बरोबर पाहतो. वृद्ध, एकटी स्त्री, दुचाकीवरचा कारकून यांच्यापाशी त्याचा आवाज चढतो; त्याच्याहून मोठी मोटार आणि तिच्यातून उतरणारे चार धटिंगण दिसले की तोच आवाज एकाएकी मऊ होतो. "मी कोण आहे माहीत आहे का?" हे त्याचे ब्रीदवाक्य. काचेवर कोठे पक्षाचे निशाण, कोठे 'पोलिस', कोठे 'महाराष्ट्र शासन', आणि सांगावयास लाज वाटते, कोठे 'प्रेस'. या शेवटच्या शब्दाने किती गल्ल्या अडविल्या जातात याचा हिशेब आमच्या व्यवसायाने कधी तरी केला पाहिजे. ज्यांनी ती पाटी लावली आहे त्यांतील पुष्कळांनी आयुष्यात एक ओळही छापली नसेल, पण ज्यांनी छापली आहे तेही यात मागे नाहीत.

परंतु केवळ गुंडगिरीवर बोट ठेवून भागणार नाही. भांडणाचे बी जागेत आहे. एक मोटार उभी करावयास अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे एकशेपस्तीस चौरस फूट जागा धरतात. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतील खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्या खोलीत तीन-तीन पिढ्यांनी संसार केले; आणि जवळजवळ तेवढीच जागा आज एक लोखंडी पेटी भर शहरात, बहुतेक ठिकाणी फुकट, दिवसभर अडवून बसते. दिवसभर म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. वाहनतळाच्या अर्थशास्त्रावर हयातभर लिहिणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप, जे फेब्रुवारी २०२५ मध्ये निवर्तले, त्यांनी दाखवून दिले होते की, मोटार आपल्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ उभीच असते. आपण मात्र रस्ते आखताना उरलेल्या पाच टक्क्यांचाच विचार करीत आलो. पूल बांधले, रस्ते रुंद केले. आणि रुंद केलेल्या रस्त्याची एक एक कड उभ्या मोटारींनी पुन्हा गिळली.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २०१८ मध्ये परिवहन कार्यालयाच्या आकड्यांवरून असे जाहीर झाले की, येथील नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेली आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने वाहनतळ धोरण मंजूर केले. गाडी उभी करावयाची तर जागेचे मोल द्या, एवढेच त्याचे सार होते. काय गदारोळ उठला तो वाचकांस आठवत असेलच! पुणेकरांच्या जन्मसिद्ध हक्कावर घाला आल्याचा आव सर्व पक्षांनी आणला. धोरण मग पाच रस्त्यांपुरते चाचणी म्हणून राखण्याचे ठरले आणि तेही कधी रस्त्यावर उतरले नाही. या पत्राचे पुष्कळ वाचक मोटारी बाळगतात. त्यांस हे रुचणार नाही हे जाणूनही आम्ही लिहितो की, ज्या वस्तूला मोल नाही आणि मर्यादा मात्र आहे, तिच्यासाठी हातघाई होणारच. नळकोंडाळ्यावर जी भांडणे होत, तीच आता चाकांवर आली आहेत. मोल ठरविण्यास कचरणारे नगरसेवक प्रत्यक्षात ते ठरवूनच मोकळे झाले आहेत. ते फुटलेल्या चष्म्यांनी द्यावयाचे, एवढाच फरक.

आमचे सज्जन नागरिकही येथे सर्वस्वी निरपराध नाहीत. 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी पुण्याबाहेर विनोद म्हणून सांगतात. पुण्यात ती खरोखर लावलेली असते. घरासमोरच्या रस्त्यावर कुंड्या मांडायच्या, दगड ठेवायचे, दोरी बांधायची, आणि तेथे दुसऱ्याने गाडी लावली की अंगावर धावून जायचे, हा प्रकार करणारे लोक स्वतःस पीडितच समजतात. वस्तुस्थिती अशी आहे की, वाड्याच्या किंवा इमारतीच्या प्रवेशद्वारापुढे गाडी लावून वाट अडविणे नियमाने निषिद्ध आहे. पदपथावर, चौकाच्या तोंडाशी, बसथांब्याशी, शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या दाराशीही ते निषिद्धच आहे. तेथे आपला हक्क निर्विवाद. पण फाटक सोडून आपल्या भिंतीसमोरचा जो रस्ता, तो आपला नव्हे. तेथे फलक नसेल आणि सम-विषम तारखेचा नियम मोडला जात नसेल, तर परक्याची मोटार तेथे तितक्याच हक्काने उभी राहते जितक्या हक्काने आपली. आणि दुसऱ्याच्या चाकातील हवा सोडणे, आरसा मोडणे, किल्लीने रंग ओरबाडणे ही कायद्याच्या भाषेत 'आगळीक' आहे. ती करणारा आपली न्याय्य बाजू स्वहस्ते बुडवितो.

मग गाठ पडलीच तर करावे काय? शौर्याचा सल्ला देणे संपादकास सोपे असते. मार वाचकास बसतो. म्हणून आम्ही वेगळा सल्ला देतो. बोलावे ते हाताच्या अंतराबाहेरून, एकदाच, आणि 'तुम्ही' म्हणून. माणसाच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी गाडीच्या क्रमांकाकडे पाहावे. तो क्रमांक, अडलेला दरवाजा आणि जवळचा फलक एकाच छायाचित्रात येतील असे छायाचित्र घ्यावे, आणि तेही त्याच्या नाकासमोर यंत्र धरून नव्हे. ११२ क्रमांकावर कळवावे. चालत्या गाडीपुढे उभे राहू नये, खिडकीतून हात घालून किल्ली काढण्याच्या भानगडीत पडू नये. या दोन कृत्यांनी किती माणसे फरफटत नेली गेली याची वर्णने वृत्तपत्रांतून वारंवार येतात. आत्मसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण तो आलेला वार चुकविण्यासाठी आहे, भांडणाचा निकाल लावण्यासाठी नव्हे. मार बसलाच तर आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. हाड किंवा दात मोडला असेल तर दुखापत 'जबर' ठरते आणि मग पोलिसांना अदखलपात्राचा आडोसा घेता येत नाही. तक्रारीत अडथळ्याची गोष्ट प्रथम सांगावी, मारहाणीची नंतर; आणि त्याने आपली गाडी आडवी घालून आपणास मुद्दाम अडवून ठेवले असेल तर तेही स्पष्ट लिहावे, कारण असे अन्यायाने अडविणे हाही १२६ व्या कलमाखाली दखलपात्र गुन्हा आहे.

आणि शेजाऱ्यांनी? त्या सकाळी गल्लीत निदान पंधरा माणसे होती. दोघांनी खिडकीतून चित्रफीत काढली. ती सायंकाळपर्यंत शहरभर फिरली. पण खाली उतरून शिक्षकांच्या बाजूला नुसते उभे राहावयास कोणी आले नाही. भांडावयास यावे असे आम्ही म्हणत नाही. चार माणसे मुकाट्याने बाजूला उभी राहिली की या जातीच्या पुरुषार्थाला ओहोटी लागते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. वाड्यातील सार्वजनिक नळ गेला, चौक गेला, आणि त्याबरोबर हे उभे राहणेही गेले की काय?

इमारतीच्या आवारातील तंटे ही स्वतंत्र कथा आहे. बांधकाम व्यावसायिकांनी वर्षानुवर्षे खांबांखालची जागा निरनिराळ्या सदनिकाधारकांस विकून ठेवली आणि पुढील भांडणे सहकारी संस्थेच्या कपाळी मारली. दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की, खांबांखालची किंवा मोकळी जागा ही सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती संस्थेची आहे आणि तिचे वाटप संस्थेने करावयाचे आहे. आदर्श उपविधींत चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची सोय आहे. परंतु दोन-दोन जागा अडविलेला सभासद कार्यकारिणीतच बसलेला असतो आणि चिठ्ठ्यांचा विषय 'पुढील सभेत' जातो. सुशिक्षितांच्या वस्तीत मारामारी होते ती बहुधा या पुढील सभेची वाट पाहून कंटाळलेल्या माणसांची असते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये विचारले होते की, परवडते म्हणून एकाच कुटुंबाने चार-चार, पाच-पाच मोटारी का घ्याव्यात, आणि त्या लावावयास जागा आहे की नाही हे कोणी पाहणार की नाही? जपानने हे १९६२ मध्येच पाहिले. तेथे गाडी उभी करण्याची जागा घरापासून ठराविक अंतरात आहे असा दाखला पोलिसांकडून आणल्यावाचून सामान्यतः मोटारीची नोंदणी होत नाही. आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही जानेवारी २०२५ मध्ये असाच नियम आणण्याचा मनोदय जाहीर केला. घोषणेचे स्वागत आम्ही केले. परंतु ज्या राज्यात हेल्मेटचा नियम चौकापुरता पाळतात, तेथे जागेचा दाखला किती रुपयांना मिळू लागेल, याचीच चिंता अधिक वाटते. तो नियम येईल तेव्हा येवो. पोलिस आयुक्तांना आज, आहे त्या अधिकारात, दोन गोष्टी करता येतील.

एक म्हणजे, मोटार वाहन कायद्याच्या १९ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्यात वाहन वापरणाऱ्याचा चालनपरवाना काढून घेण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे. वाट अडवून माणसास कोंडून धरणाऱ्या प्रत्येकाचा प्रस्ताव चौकीवरून परिवहन कार्यालयाकडे जाऊ लागला, तर पाचशे रुपयांच्या दंडाला न भिणारा मनुष्य तीन महिने रिक्षाने हिंडण्याला भिईल. दुसरे असे की, शांतताभंगाचा संभव असेल तेथे एक वर्षापर्यंतचा बंधपत्राचा हुकूम काढण्याचा अधिकार आपल्याकडे आयुक्तालयातील अधिकाऱ्यांसच असतो. निवडणुकीच्या हंगामात या अधिकाराचा मुक्तहस्ते वापर होतो. एकाच गल्लीतून एकाच क्रमांकाच्या गाडीविरुद्ध तीन तक्रारी आल्या, तर तो अधिकार तेथे का वापरू नये? अदखलपात्र तक्रारींची दैनंदिनी दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याचे बंधन नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घातले आहे. त्या दैनंदिनीत कोणते क्रमांक पुन्हा पुन्हा येतात, एवढे पाहावयास नवे मनुष्यबळ लागत नाही, नवी इमारत लागत नाही, उद्घाटनासाठी मंत्रीही लागत नाहीत.

उचलगाडीचा कारभार मात्र बदलावा लागेल. टेम्पोवर चढते ती बिचारी दुचाकी, कारण ती उचलता येते. मोटारीच्या चाकाला जॅमर लागतो, म्हणजे वाटेत अडथळा करणारी गाडी वाटेतच आणखी काही तास पक्की बसविली जाते! रुग्णवाहिका अडली तर ती जॅमरची पावती दाखवून पुढे जाणार आहे काय?

शिक्षक महाशयांनी तक्रार पुढे नेलेली नाही. चष्मा नवा केला, त्याचे पैसे स्वतः दिले. डायलिसिसच्या दिवशी त्यांचा मुलगा आता सकाळी सहालाच येऊन दरवाजासमोर आपली दुचाकी आडवी लावून ठेवतो, जागा राहावी म्हणून. परवा आम्ही तेथून जात होतो, तेव्हा ती भली थोरली मोटार शेजारच्या वाड्याच्या दरवाजाशी उभी होती.